चाकांवरचे घर आणि दोन उशा

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून या सदराच्या वाचकांकडून अधूनमधून एक प्रश्न येतो. निवृत्त झालेल्या पतीपत्नींनी अशा राहत्या गाडीतून आठ-दहा दिवस हिंडणे प्रकृतीला मानवेल काय? मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी जावे काय? एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर दोघांच्या तपासण्यांचे कागदच पत्रासोबत जोडले आहेत.

उत्तर देण्यापूर्वी स्वतःची हकीगत सांगणे मला भाग आहे. ती माझ्या वैद्यकीय शहाणपणाला फारशी शोभा देणारी नाही. म्हणूनच आजवर लिहिली नव्हती. आता सौ.नेच सांगितले, ‘लिहा, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.’

सप्टेंबर २०१८ मधली गोष्ट. साताऱ्यातला ३६ वर्षांचा दवाखाना मी बंद केला होता. सौ. शाळेतून निवृत्त झाली होती. मी ६७ वर्षांचा, ती ६३. मुलगी अमेरिकेत डेन्व्हर शहराजवळ राहते. तिच्याकडे गेलो असता जावयांनी आम्हा दोघांसाठी दहा दिवसांकरिता एक मोटरहोम भाड्याने ठरवून दिली. तिकडे त्या गाडीला ‘आरव्ही’ म्हणतात. पंचवीस फूट लांबीची गाडी. आत मागच्या बाजूला पलंग, मध्ये जेवणाचे टेबल व दोन बाके, गॅसची शेगडी, फ्रीज आणि संडास-न्हाणीघर. चालकाच्या डोक्यावरही एक बिछाना असतो. पण तिथे शिडीने चढावे लागते. ‘हा नातवंडांसाठी, आपल्यासाठी नव्हे,’ असे सौ.ने पहिल्याच दिवशी जाहीर केले. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मी साताऱ्याहूनच काढून नेला होता. पहिले दोन तास उजव्या बाजूने गाडी हाकताना घाम फुटला, मग हात बसला.

तिकडे निवृत्त जोडपी अशा गाड्यांतून महिनोन्‌महिने फिरताना दिसतात. बासष्ट वर्षांवरील अमेरिकी नागरिकांना राष्ट्रीय उद्यानांचा सवलतीचा पास मिळतो. आम्हा पाहुण्यांना तो मिळत नाही, ही चौकशी मी आधीच करून ठेवली होती. या चौकशीला जितका वेळ दिला त्याच्या निम्मा वेळ सौ.च्या प्रकृतीची चौकशी करण्याला दिला असता तर पुढचा प्रसंग टळला असता.

गाडी ताब्यात देताना तिथल्या माणसाने तासभर सर्व समजावून दिले. चांगल्या पाण्याची टाकी वेगळी, भांडी व अंघोळीच्या पाण्याची वेगळी आणि संडासाची वेगळी. शेवटच्या दोन टाक्या ठराविक ठिकाणीच जाड नळी लावून रिकाम्या करायच्या. हे काम अर्थात माझ्याकडे आले. लग्नाला ३९ वर्षे झाल्यावर घरचा संडास मी प्रथमच साफ केला, अशी नोंद सौ.ने मुलीला फोनवरून दिली. गाडीत विषारी वायूची सूचना देणारी घंटी असते. ती कधीही बंद करू नये आणि थंडी वाजते म्हणून गॅसची शेगडी पेटवून झोपू नये, हे त्याने दोनदा बजावले. वाचकांनीही ते ध्यानात ठेवावे. बंद जागेत जळणाऱ्या शेगडीतून वा जनरेटरच्या धुरातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो.

आता उंचीविषयी थोडे. डेन्व्हर शहर ५,२८० फुटांवर वसले आहे. आपले कळसूबाईचे शिखर साधारण ५,४०० फूट. म्हणजे मुलीचे घरच जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर! तिथे आठवडाभर राहून आम्ही रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात गेलो. मोरेन पार्क नावाच्या तळावर गाडी लावली. त्याची उंची ८,१६० फूट. त्या तळावर गाडीला वीज वा नळ जोडण्याची सोय नव्हती. काळोख दाट आणि थंडी कडक. सप्टेंबर हा तिथल्या एल्क हरणांच्या माजाचा काळ. एवढ्या धिप्पाड प्राण्याचा आवाज मात्र शिट्टीसारखा बारीक. तो ऐकत मी जागा होतो.

त्या आवाजाच्या जोडीला आणखी एक आवाज येत होता. नळजोड नसला की या गाड्यांत पाणी छोट्या पंपाने येते. संडासात पाणी सोडले की पंप घर्र करतो. तो त्या रात्री चारदा वाजला.

साताऱ्याच्या घरी मी माडीवर झोपतो, सौ. खाली. कारण माझे घोरणे. खालचे न्हाणीघर घराच्या दुसऱ्या टोकाला. ती रात्री किती वेळा उठते हे मला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. मनात म्हटले, साखर वाढली असणार, प्रवासात खाणे थोडे सैल सुटते. सकाळी उठून पाहतो तर तिने स्वतःच्या दोन उशांखाली बाकाची पाठ टेकायची गादीही घेतली होती. ‘हा पलंग फार सपाट आहे,’ ती म्हणाली. मी मान डोलावली आणि चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी ट्रेल रिज रोडने वर गेलो. हा रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत चढतो. तिथे हवेतला प्राणवायूचा दाब समुद्रकाठच्या मानाने दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो. माथ्याजवळ लोक उतरून पायवाटेने हिंडत होते. सौ. म्हणाली, ‘तुम्ही पाहून या. मी गाडीतच बसते.’ जी बाई पाच वर्षांपूर्वी सज्जनगडाच्या पायऱ्या माझ्या पुढे चढत होती, ती खिडकीतून डोंगर पाहत बसली. माझ्याजवळ बोटाला लावून प्राणवायू मोजायचे यंत्र होते. तिचा आकडा ८४ आला, माझा ८८. दोन्ही आकडे त्या उंचीला साजेसेच, असे मी स्वतःला समजावले. विरळ हवेचा दोष!

ही उंचीची सबब मला फार सोयीची वाटली. डॉक्टरला एक कारण सापडले की तो दुसरे शोधत नाही. पायांवर सूज होतीच. चपलेचा पट्टा संध्याकाळी रुतलेला दिसे. पण ती रक्तदाबासाठी अम्लोडिपिन घेते आणि त्या गोळीने पाय सुजतात, हे मला पाठ होते. रात्री लघवीला उठणे मधुमेहाचे, दम लागणे उंचीचे आणि वाढलेल्या वजनाचे. प्रत्येक तक्रारीला मी वेगळे कारण चिकटवून ठेवले होते. चारही तक्रारी एकाच बाईच्या आहेत एवढेच राहिले होते.

तरी खबरदारी म्हणून आम्ही एक दिवस आधीच खाली उतरलो. फोर्ट कॉलिन्स गावाजवळ पाच हजार फुटांवर गाडी लावली. हा तळ सोयीचा, वीज आणि नळ दोन्ही गाडीला जोडलेले. रात्री पंप वाजला नाही. मी समाधानाने झोपलो. पाणी आता थेट नळाचे येत होते, पंपाची गरजच नव्हती, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

दोनच्या सुमारास जाग आली. शेजारी जागा रिकामी. पुढे टेबलापाशी लहान दिवा लावून सौ. बसली होती. दोन्ही हात टेबलावर, अंग पुढे वाकलेले.

‘अगं, काय होतंय?’

‘काही नाही हो. आडवं झालं की कोंडल्यासारखं होतं. बसलं की बरं वाटतं. तुम्ही झोपा.’

‘कधीपासून?’

‘दिवाळीपासून असेल.’

दिवाळी होऊन अकरा महिने झाले होते. मी विचारले, ‘मग मला सांगितलं का नाहीस?’

‘सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, वजन कमी कर.’

मी दिवा मोठा केला. तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलल्यावर खड्डा तसाच राहिला. पाठीला कान लावला तर तळाशी बारीक चरचर. पदवी परीक्षेतला विद्यार्थी ज्यावरून निदान सांगेल ते सारे समोर होते. आडवे पडल्यावर दम लागणे, रात्री दचकून उठून बसणे, उशांची संख्या वाढत जाणे, पायांवर खड्डा पडणारी सूज. मुलीच्या घरीही ती आठवडाभर आरामखुर्चीतच झोपत होती, ‘नातवाला मांडीवर घेतलं की डोळा लागतो’ असे सांगून. आम्हाला ते कौतुकाचे वाटले होते.

गाडीत औषधांसाठी एकच खण होता. तिची आणि माझी औषधे एकत्र. उजेडात तो उपसला तेव्हा गुडघेदुखीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या निघाल्या. गल्लीतल्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या. रोज दोन, असे तीन महिने. घरी त्या तिच्या शिवणाच्या डब्यात असत.

सकाळी जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात गेलो. तिथली तरुण डॉक्टर बाई माझ्याशी दोन वाक्ये बोलली आणि खुर्ची ओढून सौ.समोर बसली. ‘किती उशा घेता?’ हा तिचा पहिला प्रश्न. सौ.ने बोटे दाखवली. मग तिने औषधांची पिशवी मागितली आणि एकेक पट्टी टेबलावर मांडली. एका पट्टीवर तिचे बोट थांबले. मधुमेहाची तीन औषधे एकत्र असलेली ती गोळी. त्या तिघांत एक पायोग्लिटाझोन.

ती गोळी मीच सुरू केली होती. या औषधावर आपल्या देशात जून २०१३ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून बंदी आली आणि थोड्याच आठवड्यांत सूचनेसह उठली. बंदी उठल्याचे वाचून मी हायसा झालो आणि तिची तीच गोळी पुन्हा चालू केली. पायोग्लिटाझोन शरीरात पाणी साठवते आणि हृदय थकलेल्या माणसाला ते देऊ नये, ही सूचना तर त्याहून जुनी. सुरुवात केली तेव्हा तिचे हृदय चांगले होते. नंतर मी पाहिलेच नाही. आपल्या माणसाची औषधे दर महिन्याला आणली जातात, तपासली जात नाहीत. डॉक्टरच्या घरी तर कधीच नाही.

सौ.च्या हृदयाचा टूडी एको काढला. हृदयाचा पंप जोमाने चालत होता. पण भिंती जाड आणि ताठ झालेल्या. अनेक वर्षांच्या रक्तदाबाने आणि मधुमेहाने, विशेषतः उतारवयातील स्त्रियांत, असे होते. हृदय आकुंचन पावते ते ठीक, पण नंतर सैल पडून पुरेसे रक्त आत घेत नाही. मागे रक्त तुंबते, फुप्फुसांत पाणी उतरते. माणूस बसला की पाणी खाली राहते, आडवा झाला की श्वास कोंडतो. इंग्रजीत याला हार्ट फेल्युअर म्हणतात. हा शब्द ऐकून घरचे लोक रडू लागतात, म्हणून स्पष्ट सांगतो. याचा अर्थ हृदय बंद पडले असा नाही. शरीराची गरज भागवायला ते अपुरे पडते आहे, असा आहे. त्यावर औषधे आहेत आणि माणसे वर्षानुवर्षे चांगली जगतात.

मग ते नेमके त्या दिवसांतच का बळावले? एक तर ती गोळी. दुसऱ्या त्या गुडघ्याच्या गोळ्या. या जातीच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला मीठ व पाणी बाहेर टाकू देत नाहीत. तिसरे, उंची. आणि चौथे आमच्या फडताळात होते. कैरीचे लोणचे, पापड, सांडगी मिरची, चिवडा, आणि मी हौसेने घेतलेले डब्यातले सूप. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्या म्हणते, म्हणजे दोन हजार मिलिग्रॅम सोडियम. तयार सुपाच्या एका वाटीतच त्यातले ६०० मिलिग्रॅम किंवा अधिक असणे नेहमीचे. चालत्या गाडीत स्वयंपाक कमी करावा म्हणून आम्ही नेमके खारट तेवढे सोबत नेले होते.

लघवीचे इंजेक्शन दिल्यावर दीड दिवसात तिचे वजन साडेतीन किलोंनी उतरले. ते साडेतीन किलो निव्वळ पाणी. दुसऱ्या रात्री ती एका उशीवर सलग पाच तास झोपली. मी खुर्चीत बसून पाहत होतो.

विम्याविषयी दोन शब्द. प्रवासविम्यात आधीपासूनच्या आजारांचे कलम बारीक अक्षरांत असते. मधुमेह व रक्तदाब आम्ही अर्जात लपवले नव्हते म्हणून काही भाग तरी मिळाला. त्यासाठी मुलीला पाच महिने कागद भरावे लागले. लपवले असते तर काहीच मिळाले नसते. अर्ज भरताना आजार लिहावेत, एजंट काहीही सांगो.

गाडीचे चार दिवस उरले होते. मी परत जाऊ म्हणालो. सौ. म्हणाली, ‘पैसे भरलेत ना? मग डोंगर नको, सपाटीवर चला.’ त्या डॉक्टर बाईंनीही हरकत घेतली नाही, मात्र अटी घातल्या. पुन्हा डोंगरात चढायचे नाही, मीठ मोजून आणि रोज सकाळी लघवीनंतर, चहापूर्वी वजन. आम्ही दुकानातून वजनकाटा घेतला आणि नेब्रास्का राज्यात स्कॉट्स ब्लफला गेलो. पिवळसर गवताच्या सपाटीत उभा राहिलेला एक कडा. माथा ४,६५९ फुटांचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पश्चिमेकडे निघालेली कुटुंबे याच कड्याजवळून बैल जुंपलेल्या गाड्यांतून गेली. ती मात्र गाडीच्या आत झोपण्याऐवजी बहुधा बाहेर जमिनीवर किंवा तंबूत झोपत. गाडीत सामान असे. पायथ्याच्या वाटेवर आम्ही रोज सकाळी सावकाश वीस मिनिटे चाललो. लोणच्याची बरणी मी तिच्या देखत टाकून दिली. त्याबद्दल तिने अजून मला माफ केलेले नाही.

आता वाचकांच्या प्रश्नाकडे. जावे काय? जरूर जावे. विशेषतः स्त्रियांसाठी स्वतःचे संडास सोबत असणे ही मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे एस. टी.च्या प्रवासात स्वच्छतागृह नको म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या आणि मग मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने आजारी पडणाऱ्या भगिनी मी वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत. स्वतःच्या हातचे कमी मिठाचे जेवण, दुपारी पाठ टेकायला बिछाना, हवे तिथे थांबण्याची मुभा, हे सर्व प्रकृतीच्या भल्याचेच आहे. मोठी गाडी उतारवयात हाकायची असल्यास मात्र रात्री हाकू नये. मोतीबिंदूची सुरुवात असली तरी समोरचे दिवे डोळ्यांवर फुटतात. दीड-दोन तासांनी थांबून दोघांनीही पाच-दहा मिनिटे चालावे, नाहीतर पायांच्या शिरांत रक्त गोठण्याची भीती असते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी न उघडलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात, पण बर्फाच्या कप्प्याला टेकवू नयेत. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही निकामीच. या गाड्यांतले गॅसवर चालणारे फ्रीज गाडी तिरपी उभी असल्यास नीट चालत नाहीत, हेही पाहावे.

निघण्याच्या महिनाभर आधी दोघांच्या सर्व गोळ्या एका टेबलावर मांडाव्यात. शिवणाच्या डब्यातल्या, देवघरातल्या, उशीखालच्या, आयुर्वेदिक, गुडघ्याच्या, झोपेच्या, सर्व. आणि त्या पिशवीसकट आपल्या डॉक्टरांकडे जावे. येथे एक गोष्ट बजावून सांगतो. हा लेख वाचून कोणीही आपली मधुमेहाची वा रक्तदाबाची गोळी आपणहून बंद करू नये. पायोग्लिटाझोन अनेकांना व्यवस्थित मानवते. प्रश्न विचारावा, गोळी डॉक्टरांनी बदलावी. दम लागतो, पाय सुजतात, उशा वाढल्या आहेत असे असेल तर महाबळेश्वरचीही घाई नको. मग साडेअकरा हजार फुटांवरच्या लेहचे नावच नको. एको करून मगच बोलावे.

सौ.च्या औषधांत पुढे आणखी बदल झाला. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या जातीच्या गोळ्या अशा ताठ हृदयालाही उपयोगी पडतात, हे २०२१ साली मोठ्या चाचणीत दिसले. त्यांपैकी एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे संपले. त्यानंतर अनेक कंपन्यांनी ती गोळी पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्तात आणली आहे. पूर्वी परवडत नव्हती म्हणून ज्यांनी नाकारली असेल त्यांनी पुन्हा विचारावे.

तो वजनकाटा आम्ही सामानातून साताऱ्याला आणला. तो आता खालच्या खोलीत असतो. सौ. रोजचा आकडा कालनिर्णयच्या चौकटीत लिहिते आणि तीन दिवसांत दोन किलो चढले तर फोन करायचा, हे ठरलेले आहे. आजवर असे दोनदा झाले. एकदा गौरी-गणपतीत, एकदा पुतण्याच्या लग्नात. मीही आता खालीच झोपतो. ती एक उशी घेते. दुसरी उशी, मी घोरू लागलो की मला मारायला, हाताशी ठेवलेली असते.